बेवारस पाळणा

शहाणपण घरातल्या घरात केलं तर पचतं, गावाला दाखवून केलं की अंगलट येतं. वडनेर भोलजीचे ग्रामसेवक हिंमतराव यांना एवढी साधी गोष्ट कळायला एक अख्खा पाळणा खर्ची घालावा लागला, आणि ती कळली तेव्हाही त्यांना नको तेच कळलं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ग्रामसेवक हा प्राणी गावाला नवाच होता, आणि हिंमतराव स्वतःलाही नवेच होते. पांढरी टोपी, खिशाला पेन, बगलेत वही. जगातलं कुठलंही संकट रकान्यात बसवलं की निम्मं मिटतं, अशी त्यांची श्रद्धा. देवानं उंची देताना हात आखडता घेतला होता आणि रुंदी देताना मोजायचंच विसरला होता. एस.टी.त ते बसले की शेजारचा माणूस आपणहून उठून उभा राही. लग्नात मिळालेली सुतळीची बाज पहिल्याच महिन्यात त्यांच्याखाली बसली, तेव्हा सासऱ्यानं संग्रामपूरहून सागवानी पलंग पाठवला. तो पलंग तेवढा टिकला. पण हिंमतरावांनी झोपेत कूस बदलली की भिंतीच्या फळीवरचे पितळी डबे वाजत. त्यांची आई गोजरबाई हे आल्यागेल्याला कौतुकानं सांगे. "माह्या हिंमतनं कूस वळली का आख्ख्या आळीले समजते, बाप्पा!"

तर अशा या घरात दोन महिन्यांचं लेकरू होतं, आणि लेकराची आई पंचफुला झोपत नव्हती.

झोपत नव्हती म्हणजे पाठच टेकत नव्हती. लेकरू मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसायची. दिवसा भाकरी थापता थापता डुलकी आली आणि तिचा तळहात तव्यावर पडला, तेव्हा कुठं घरातल्यांना कळलं की हे प्रकरण साधं नाही. कारण मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. दीड वर्षापूर्वी तिची पहिली मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली. रात्री पाजून निजवली होती, सकाळी उठलीच नाही. नर्सबाईंनी येऊन पाहिलं आणि सांगितलं, असं होतं कधीकधी, श्वासच थांबतो, कुणाचा हात नसतो त्यात. पण नर्सबाई पडल्या सरकारी. गावानं आपला निकाल त्यांच्याआधीच दिला होता: "पंचफुलीच्या अंगाखाली गेलं." बायका हे तिच्यासमोर म्हणत नसत. पदर तोंडाला लावून, ती चार पावलं पुढं गेली की म्हणत, म्हणजे तिला नीट ऐकू जाई.

जन्म-मृत्यूची नोंदवही हिंमतरावांच्याच ताब्यात. मुलीची नोंद त्यांनी स्वतःच्या हातानं केली. मृत्यूचं कारण, या रकान्यात त्यांनी लिहिलं: ताप. मुलीला ताप नव्हता. पण बायकोच्या नावाला बट्टा नको, म्हणून आपण हे केलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि त्याबद्दल स्वतःविषयी थोडा आदरही वाटून घेतला.

आता मुलगा झाला, तर गोजरबाईनं कारभार आपल्या हातात घेतला. पहिलं लेकरू गेलेल्या घरात दुसरं लेकरू आपलं म्हणून ठेवायचं नसतं. ते विकायचं असतं. पाचवीच्या दिवशी तिनं नातवाला सुपात घालून शेजारच्या तानुबाईला विकलं. नऊ लेकरं जगलेली बाई, तिच्या घरावर काळाची नजर जात नाही. किंमत सूपभर कोंडा. नाव ठेवलं कडूबा, म्हणजे कुणाला गोड लागू नये. आणि नियम असा की जावळ काढेपर्यंत आईबापानं "माझं" म्हणायचं नाही, लेकरासाठी बापाच्या नावानं नवी वस्तू घरात आणायची नाही, जे लागेल ते मालकिणीकडून मागून आणायचं. अंगडं तानुबाईचं, टोपरं तानुबाईचं, आणि लेकरू रडलं की गोजरबाई सुनेला सांगायची, "अवं, तानुबाईचं कडू रडून राह्यलं, घे बरं त्याले."

हिंमतराव हे सारं अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेत. पण गावातली प्रत्येक जन्मनोंद वेळच्या वेळी घेणाऱ्या या माणसानं स्वतःच्या मुलाची नोंद करताना बापाच्या नावाचा रकाना कोरा ठेवला होता. शिसपेनीनं एक बारीक टिंब दिलं होतं फक्त. विचारलं असतं तर "आईच्या समाधानासाठी" असं त्यांनी सांगितलं असतं. खरी गोष्ट अशी की त्यांची स्वतःची टरकली होती.

तव्यावर भाजलेल्या हाताला मलम लावायला नर्सबाई आल्या, तेव्हा त्यांनीच ही पाळण्याची काडी टाकली. "बाळाला वेगळी जागा करा. आईच्या पलंगाला लागून, हात लांबवला की पोचेल अशी. तळ सपाट पाहिजे. उशी नको, तोंडावर गोधडी नको. बाळाला उताणं निजवा. गजांमधली फट तीन बोटांपेक्षा जास्त नको. मग ही बाई झोपेल." आणि त्यांनी देवीच्या टोचणीच्या कार्डामागं एक चित्रही काढून दिलं.

हिंमतरावांना चित्र फार आवडलं. त्यात रकाने होते. शिवाय त्यांनी स्वतःची भर घातली: पाळणा घडीचा पाहिजे. आपली बदलीची नोकरी, घर दीड खोलीचं, दिवसा उचलून चुलीजवळ नेता आला पाहिजे. एकदा माणसानं सरकारी चित्रात स्वतःची भर घातली की ते चित्र त्याचं होतं आणि मग तो कुणाचं ऐकत नाही.

ऐकायला मात्र बरंच मिळालं. आळीत बातमी फुटली आणि पलंगाभोवती पंचायत भरली. एकीचं म्हणणं, आड्याला लुगड्याची झोळी बांधा, आम्ही सगळे झोळीतच वाढलो. "अन् त्यातूनच डोक्यावर पडले असान," हिंमतराव मनात म्हणाले. एक म्हणाली, गज असलेल्यात लेकरू ठेवलं का लेकरू कोंबडीसारखं भित्रं होते. तानुबाईनं तर चित्र उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "इतके गज कायले? लेकरू हाय का चोर?" हिंमतरावांनी टोपी सारखी केली आणि शुद्ध भाषेत खुलासा केला, "मावशी, हे शास्त्रीय आहे." यावर तानुबाई म्हणाली, "असन बाप्पा. आमचे नऊ अडाणीपणानंच जगले."

गोजरबाईनं परवानगी दिली, पण अटी घालून. पाळणा पंचफुलाच्या माहेरगावी व्हावा. येताना वाटेत कुणी विचारलं तर हिंमतनं "माहा हाय" म्हणून तोंड उघडायचं नाही. घरी न आणता आधी तानुबाईच्या दारात उतरवायचा, आणि मग तिच्याकडून मागून आणायचा. हिंमतरावांनी होकार दिला. न बोलणं ही काही अवघड अट नाही, असं त्यांना वाटलं. त्यांना आपला स्वभाव माहीत नव्हता आणि नाकेदार गुलाबराव यांचा तर नव्हताच नव्हता. पण त्याआधी मोतीराम सुतार.

मोतीराम संग्रामपूरचा. हात चांगला, पण चित्र पाहून काम करायची त्याला सवय नव्हती; तो माणूस पाहून काम करी. त्यानं हिंमतरावांकडे पाहिलं आणि पहिल्या खेपेला असा पाळणा केला की त्यात ते स्वतः मावले असते. दुसऱ्या खेपेला फट बरोबर तीन बोटांची ठेवली, पण बोटं मोतीरामची. त्याच्या तीन बोटांत हिंमतरावांची मूठ बसत होती. तिसऱ्या खेपेला हिंमतरावांनी फुटपट्टी नेली. त्यावर मोतीराम दुखावला आणि दोन दिवस कामाला हातच लावेना. सासुरवाडीत जावयानं तीन-तीनदा यावं आणि सुताराच्या दाराशी बसावं, यावरून सासऱ्यांनीही काही बोलून घेतलं. हिंमतरावांनी सगळं गिळलं.

शेवटी पाळणा उभा राहिला. सागवानी, घडीच्या खुर्चीसारखे पाय, खाली सपाट पट्ट्या, चारी बाजूंनी गज. मोतीराम म्हणाला, "लेकराच्या वजनाची चीज ठेवून पाहू." हिंमतराव जरा पुढं सरकले, तर तो घाईघाईनं म्हणाला, "तुमी नोका! तुमी दूर उभे राहा, जमीन हालते." मग परसातून पाच शेराचं कोहळं आणलं आणि पाळण्यात निजवलं. मोतीरामनं पाळणा एकदा हलवला, दुसऱ्यांदा हलवला, आणि तिसऱ्यांदा पाळण्यानं खाटकन घडी घातली. कोहळं मधोमध फुटलं. बिया अंगणभर.

"बेस झालं," मोतीराम म्हणाला. "अवदसा कोहळ्यावर गेली."

हिंमतराव खाली बसले. तीन महिन्यांचं एक तोंड त्यांच्या डोळ्यांपुढं आलं होतं. मग ते उठले आणि मोतीरामला वऱ्हाडीत जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचा परिणाम एवढा झाला की पायांच्या सांध्याला दोन्हीकडून बोटाएवढी लोखंडी खीळ आली. खीळ बसली की पाळण्याची घडी होणार नाही, खीळ हरवू नये म्हणून ती दोरीनं पाळण्यालाच बांधलेली. हिंमतरावांनी स्वतः पाळणा धरून गदागदा हलवला, वर दहा शेराचा दगड ठेवून हलवला. तो जागचा हलला नाही. त्या दोन-अडीच महिन्यांत हिंमतराव पहिल्यांदाच खरोखर समाधानानं हसले.

मग एस.टी.च्या टपावर पाळणा, आणि रस्त्यातला वननाका.

नाकेदार गुलाबराव टपावर नजर टाकूनच म्हणाले, "सागवान दिसते. खाली घ्या." पाळणा खाली आला. गुलाबरावांनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोटाच्या पेरानं गज वाजवला. "चीज काय आहे?"

"पाळणा."

"पाळण्याले चार पाय असतात काय? माह्या यादीत खुर्ची आहे, मेज आहे, नांगर आहे, तिरडीचे बांबू आहेत. हे नाही. बरं, खुर्ची लिहितो. मालक कोण?"

हिंमतरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"मालकाचं नाव सांगा हो. गाडी खोळंबली."

"ते... सांगता येत नाही."

"तुमचा नाही का?"

"तसं म्हणता येत नाही."

"मंग दुसऱ्याचा आहे?"

"तसंही नाही. म्हणजे ज्याच्यासाठी आहे तो माझा... तोही तसा विकलेला आहे."

गुलाबरावांनी चष्मा काढला. एस.टी.च्या खिडक्यांतून पंधरा मुंडकी बाहेर आली. कंडक्टर म्हणाला, "साहेब, ह्यायनं तिकीट बी एकाचंच काढलं." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी हिंमतरावांची गत झाली. एक शब्द बोलायचा होता: माझा. सरकारी माणूस ते. कोरा रकाना सोडणाऱ्या लोकांना आजवर त्यांनी किती फैलावर घेतलं होतं! पण तो शब्द ओठावर आला की अंगणभर सांडलेल्या बिया दिसत. ते गप्प राहिले. गुलाबरावांनी मालक या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: बेवारस. आणि पाळणा जप्त करून नाक्याच्या छपरीत, चोरट्या लाकडांच्या ढिगावर नेऊन ठेवला.

रिकाम्या हातानं घरी आले, तर गोजरबाई नाचायचीच राहिली. "बोलला नाहीस ना? शाबास माह्या वाघा! आता तानुबाई जाईन अन् घेऊन येईन. तिचंच लेकरू, तिचाच पायना."

तानुबाईचं वय पासष्टीच्या पुढचं. तिला एस.टी.त बसवून हिंमतराव नाक्यापर्यंत घेऊन गेले आणि स्वतः फर्लांगभर अलीकडे निंबाखाली थांबले, कारण मालकिणीबरोबर दिसणंही बरं नव्हे. काय बोलणं झालं ते तिनं नंतर गावभर सांगितलं. गुलाबरावांनी विचारलं, पाळणा कुणासाठी? ती म्हणाली, माह्या लेकरासाठी. केवढं लेकरू? दोन महिन्याचं. गुलाबरावांनी तिच्याकडे पाहिलं. "आजी, तुम्हाले दोन महिन्याचं लेकरू?" तानुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन? सूपभर कोंडा देऊन घेतलं हाय, चोरून नाही आणलं!" गुलाबरावांना पुढचं विचारायचा धीर झाला नाही. त्यांनी दंडाऐवजी समज दिली, तिचा अंगठा घेतला आणि पावतीवर लिहून दिलं: खुर्ची एक, मालक तानुबाई.

आणि इथंच घात झाला. तोवर तानुबाई लेकराची मालकीण होती ती तोंडी. आता तिच्याजवळ कागद आला.

पाळणा ठरल्याप्रमाणे तिच्या दारात उतरला. दुसऱ्या दिवशी हिंमतराव मागायला गेले, तर पाळण्यात कुरड्या वाळत होत्या. उन्हाळ्याचे दिवस, घरोघर कुरड्या-पापडांची घाई. तानुबाई म्हणाली, "बाप्पू, काय चीज बनवली! खालून बी हवा लागते, वरून बी लागते. गजातून कुत्रं तोंड घालत नाही. एवढ्या वाळू दे, मंग ने."

कुरड्या वाळल्या, मग सांडगे आले. सांडग्यांनंतर मिरच्या. मिरच्या काढल्यावर मांजर व्याली आणि चार पिलं पाळण्यात निजली. तानुबाई म्हणाली, पिल्लाचे डोये उघडू दे, लेकुरवाळीले उठवू नाही. हिंमतराव रोज सकाळी कचेरीत जाताना तिच्या दारावरून जात आणि पाळण्याकडे पाहत. मागणं तर मागत होते, पण हक्कानं मागता येत नव्हतं. हक्क सांगितला की व्रत मोडलं. मागणाऱ्यानं हात जोडून मागायचं, आणि देणाऱ्याला वाटेल तेव्हा न्यायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. गावात लोक त्यांना रस्त्यात अडवून विचारू लागले, "काय सेक्रेटरी, बेवारस खुर्ची भेटली का?" ते शुद्ध भाषेत "प्रकरण विचाराधीन आहे" असं उत्तर देत.

इकडं पंचफुलाचे डोळे खोल गेले होते. पाळणा तानुबाईच्या दारात उतरून सतरा दिवस झाले. अठराव्या दिवशी दुपारी हिंमतराव जेवायला घरी आले, तर ती भिंतीला टेकून बसलेली, मान छातीवर पडलेली, आणि कडूबा मांडीवरून घसरत घसरत चुलीच्या दिशेला आलेला. चूल विझलेली होती म्हणून बरं. त्यांनी लेकरू उचललं. ती दचकून उठली, आणि लेकरू हातात नाही हे पाहून ओरडली. हिंमतरावांनी लेकरू तिच्या मांडीवर ठेवलं.

ते तसेच, टोपीशिवाय, तानुबाईच्या दारात गेले. पिलं एकेक उचलून टोपल्यात ठेवली. पाळणा उचलून डोक्यावर घेतला.

"अरे अरे! कोणाले विचारून नेऊन राह्यला बे?"

"माहा हाय!" हिंमतराव ओरडले. शुद्ध भाषा टोपीबरोबर घरीच राहिली होती. "पायना माहा हाय! लेकरू बी माहं हाय! बाप हाय मी त्याचा! तुह्या कोंड्याचे दोन सुपं भरून देतो, ने!"

आख्खी आळी दारात आली. गोजरबाईनं कपाळ बडवून घेतलं. "मेलं वं माय! बोलला, बोलला हा मुडदा! जावळ काढाले दोन महिने होते फक्त!" हिंमतराव डोक्यावर पाळणा घेऊन भर उन्हातून घरी आले. वीस पावलांचं अंतर, पण एखाद्या लढाईहून आल्यासारखी त्यांची छाती फुगली होती.

पलंगाला लागून पाळणा मांडला. ओल्या फडक्यानं पुसला. खिळी घातल्या. एक घट्ट विणीची चौघडी अंथरली, आणि मग पंचफुलाला समोर बसवून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. "हे पाहा. उताणं निजवायचं. उशी घालायची नाही. फट तीन बोटं. आधी खीळ पाहायची, मग लेकरू ठेवायचं. तुला पलंगावरून हात पोचतो. पण लेकरू तुझ्या अंथरुणात नाही. म्हणजे तुला निर्धास्त झोपता येईल. समजलं?"

पंचफुला ऐकत होती. लेकरू तिच्या खांद्यावर होतं. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आवो, एक विचारू?"

"विचार ना."

"वहीत तुमी ताप लिहिला ना?"

हिंमतरावांनी चौघडीची सुरकुती सारखी केली.

"मंग हा पायना कोन्त्या तापाचं औषध हाय?"

हिंमतरावांनी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तसं नाही, पंचफुले. गाव काही म्हणो, मी कधी तुला..."

"तुमी कवा म्हनलं नाही. पायना आणला." ती हळूच बोलत होती, लेकरू उठू नये म्हणून. "पोरगी मधात निजली होती. इकून मी, तिकून तुमी. माहं वजन केवढं, अन् तुमचं केवढं? कोनी विचारलं का? तुमी तरी स्वतःले विचारलं का?"

हिंमतराव पलंगाच्या कडेवर बसले. पलंग करकरला, आणि फळीवर एक डबा किंचित वाजला. दोघांनीही तो ऐकला.

"त्या पहाटे बी वाजले होते," ती म्हणाली. "सगळे डबे वाजले होते. म्या ऐकले. उठून पाहावं म्हनलं, पन झोप आली होती. मंग सकाय झाली."

"मग तू बोलली काऊन नाहीस?"

"नर्सबाई म्हनते का कोनाचा हात नसते. असन. मले त काय मालूम. पन गाव माह्यावर बोलून चुकलं होतं. एकीचं नाव गेलंच होतं, दुसऱ्याचं कायले घालवा?" तिनं डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणी नव्हतं. "मले त्याचा राग नाही. आता मले समोर बसवून शिकवलं ना, उशी नोको अन् उताणं निजव, त्याचा आला."

मग तिनं खाली वाकून दोन्ही खिळी स्वतः ओढून पाहिल्या. तीन बोटं गजांत घालून पाहिली. कडूबाला पाळण्यात उताणं निजवलं. पलंगावर पाळण्याच्या बाजूला आडवी झाली, एक हात गजांवरून आत टाकला, आणि हिंमतराव पाहत होते तोवर झोपली. तीन महिन्यांची झोप होती, तिला यायला वेळ लागला नाही. सगळं बोलून झालं होतं तिचं.

तेवढ्यात आळीतल्या बायका आल्या. गोजरबाई पुढं, तानुबाई मागं, आणखी पाचसहाजणी. कोंडा परत करायचा होता, दोष काढायचा होता, नारळ ओवाळून फोडायचा होता. दारातून पाहतात तो सून भर दुपारी पलंगावर घोरतेय. "हे पाहा!" गोजरबाई म्हणाली. "एक लेकरू अंगाखाली घालून..."

"आई, गप्प," हिंमतराव म्हणाले. ते उठून दारात आले. "ऐका तुम्ही सगळ्या. पोरगी मधात निजली होती. अंगाखाली गेली असन, त माह्या गेली असन. पंचफुलीच्या नाही. मी मोठा, मी कूस वळतो. त्या पहाटे डबे वाजले होते. वहीत ताप म्या लिहिला, तो बी खोटा."

कुणीतरी पदर तोंडाला लावला. गोजरबाईचा हात छातीवर गेला. हिंमतरावांना वाटलं, आता आभाळ कोसळणार, आणि कोसळलं तर बरंच होईल.

तानुबाई पुढं आली. तिचे डोळे भरले होते. तिनं हिंमतरावांच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

"पाहा वं माय," ती बाकीच्यांना म्हणाली, "बायकोचं पाप कसं आपल्या डोक्यावर घेते! नवरा असावा त असा!"

"देवमाणूस," दुसरी म्हणाली. "आमच्यात हाय का कोनी असं?"

"नाही, नाही, मी खरं सांगून राह्यलो..."

"सांग बाप्पू, सांग. तुले सांगाच लागते. पन आमी का लहान लेकरं हाओत?" आणि सगळ्या बायका हलक्या पावलांनी, त्यांच्या मोठेपणाचा मान राखत, निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तीन आळ्यांत झाली. चावडीवर माणसं उठून नमस्कार करू लागली. "बेवारस खुर्ची" कुणी पुन्हा म्हटलं नाही. गावात हिंमतरावांची इज्जत होती त्याच्या दुप्पट झाली, आणि पंचफुलाची होती तेवढीही राहिली नाही, कारण आता तिच्या पापाला खुद्द नवऱ्याची साक्ष मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांनी नोंदवही काढली. मुलाच्या नावापुढं बापाच्या रकान्यात शाईनं नाव लिहिलं. मग दीड वर्षापूर्वीचं पान उलटलं. ताप या शब्दावर पेन धरून ते बराच वेळ बसले. पण नोंदीत खाडाखोड चालत नाही, हा नियम त्यांनीच सगळ्या गावाला शिकवला होता. त्यांनी वही मिटली.

कडूबा जगला. जावळ झालं, दात आले, पाळण्याच्या गजांना धरून उभा राहू लागला. पंचफुला रोज खीळ तपासून त्याला निजवायची आणि पडल्या पडल्या झोपायची. हिंमतरावांनी आपलं अंथरूण ओसरीवर नेलं होतं. ते भिंतीला टेकून बसत. झोप लागलीच तर बसल्या बसल्या लागे.

गोजरबाई मात्र येईल त्याला फळीवरचे डबे दाखवून डोळ्यांना पदर लावायची. "पाहा बरं, सहा महिने झाले, एक डबा वाजला नाही. कोणाची नजर लागली माह्या हिंमतले, कूस बी वळत नाही वं लेकरू. अन् सून पाहा, कशी घोरून राह्यली."